तुम्ही उद्या आला नाहीत तर काय बंद पडेल?



मी बडोद्याची. शिक्षण इथलंच, आणि नोकरीची बावीस वर्षंही बहुतेक गुजरातमध्येच गेली. आज ज्या कामाबद्दल बोलायचं आहे त्याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. मराठी प्रतिशब्द शोधत बसत नाही. ऑफिसात सगळे 'ईए' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

२०१५ सालची गोष्ट. पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी. नाव सांगणार नाही, कारण पुढे ज्या गोष्टी येतील त्यांत कंपनीची फार शोभा नाही आणि माझीही नाही. मी तिथे ईए टीमची प्रमुख होते. टीम पाच जणांची. वर्षाच्या बजेटची बैठक चालली होती. आमचा नंबर आला आणि फायनान्सच्या प्रमुखांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमची पाच माणसं उद्या कामावर आली नाहीत तर काय बंद पडेल?"

मी क्षणभर विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "काहीच नाही."

ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. एप्रिलमध्ये आमची टीम दोघांची झाली.

बरेच महिने मी चिडून होते. या लोकांना काही कळत नाही, आज दिसतं तेवढंच यांना दिसतं, असं दोघं उरलेले आम्ही चहा पिताना एकमेकांना सांगायचो. आता वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. पैसे देणाऱ्यानं विचारायचा तोच प्रश्न त्यांनी विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर का नव्हतं हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपनीत कोणतं काम कोण करतं, त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर लागतं, त्या सॉफ्टवेअरला माहिती कुठून येते, पुढे कुठे जाते, आणि हे सगळं कोणत्या यंत्रांवर चालतं, याचा एकमेकांना जोडलेला नकाशा म्हणजे ईए. आजचा नकाशा, तीन वर्षांनी हवा असलेला नकाशा, आणि इथून तिथे कोणत्या क्रमानं जायचं ते. रस्ता खोदायच्या आधी पाण्याची लाइन कुठे आहे, गॅसची कुठे आहे आणि केबल कुठून गेली आहे हे माहीत असलं तर बरं, एवढंच त्यातलं शहाणपण. जॉन झॅकमन यांचा या विषयावरचा लेख आयबीएमच्या नियतकालिकात आला तो १९८७ साली. टोगॅफ नावाची जी पद्धत आपल्याकडचे आर्किटेक्ट परीक्षा देऊन शिकतात, ती पहिल्यांदा आली १९९५ मध्ये. आपल्या केंद्र सरकारनंही २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी 'इंडईए' नावाचा आराखडा काढला. म्हणजे विषय काही कालचा नाही. तरीही आर्किटेक्ट मंडळी कुठेही भेटली की दहा मिनिटांत गाडी एकाच स्टेशनावर येते: धंदा चालवणाऱ्या लोकांना याचा फायदा कसा पटवायचा?

मी कसा पटवत होते ते सांगते. माझ्याकडे बासष्ट स्लाइडचं एक सादरीकरण होतं. त्यात धंदा आणि आयटी यांचा मेळ, लवचीकता, पुनर्वापर, प्रमाणीकरण असे सगळे शब्द होते. विक्रीचे प्रमुख, कारखान्याचे प्रमुख, फायनान्स, लॉजिस्टिक्स, सगळ्यांना तेच सादरीकरण. कुणी विरोध करायचं नाही. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "छान आहे, चालू ठेवा." आमच्या कामात याहून घातक वाक्य नाही. कारण याचा अर्थ असा, की यातलं काही नसतं तरी माझा दिवस असाच गेला असता.

टीम दोघांची झाल्यावर मी दुसरी चूक केली. मला वाटलं, फायनान्सला आकडे हवेत ना, मग आकडे देऊ. आमच्याकडे डीलरच्या तक्रारी नोंदवणारी चार वेगवेगळी सॉफ्टवेअर होती. चारांचं एक केलं तर वर्षाला किती वाचतील याचा हिशेब केला. लायसन्सचे पैसे, देखभालीचे पैसे, माणसांचे वाचणारे तास, सगळं धरलं. आकडा चांगला गुबगुबीत झाला. तो घेऊन मी गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक आहे. मी हे कोणाच्या बजेटमधून आणि कोणत्या महिन्यापासून कमी करू?"

दोन लायसन्सचे करार तीन वर्षांचे होते, मध्ये सोडले तरी पैसे भरावेच लागणार होते. तिसरं सॉफ्टवेअर एका विक्रेत्यानं दुसऱ्या कशाबरोबर फुकट दिलं होतं. आणि वाचणारे तास म्हणजे बारा जणांचे रोजचे वीस-वीस मिनिटं. वीस मिनिटांचा पगार कोणाच्या खात्यातून कापणार? माझ्या आकड्यातलं त्या वर्षी हाताला लागेल असं जवळजवळ काहीच नव्हतं.

या बैठकीनं माझं जे नुकसान केलं ते "काहीच नाही" या उत्तरानं केलं नव्हतं. ते उत्तर निदान खरं होतं. इथे मात्र मी त्यांच्या भाषेत बोलायला गेले आणि ती भाषा मला येत नव्हती. फायनान्सच्या माणसाला फायदा म्हणजे ताळेबंदात कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवता येईल अशी गोष्ट. 'होऊ शकला असता तो खर्च टळला' हा त्याच्या लेखी फायदा नाही, तो खर्च कुणी आधी बजेटात धरलेला असेल तरच आहे. हे मी कुठल्याच परीक्षेत शिकले नव्हते.

विक्रीच्या प्रमुखांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या लेखी मी म्हणजे स्पीडब्रेकर. आमचा पंपाचा धंदा मार्च ते मे. विहिरी तळाला जातात, बोअर घेतले जातात, तेव्हा पंप विकले जातात. २०१६ च्या जानेवारीत त्यांना डीलरसाठी एक मोबाइल अॅप हवं होतं, मार्चच्या आत. नियमाप्रमाणे ते आमच्याकडे तपासणीला आलं. आम्ही दोघं, आणि अर्ज ढीगभर. पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात त्यांनी बाहेरून एक तयार अॅप विकत घेतलं आणि सुरूही केलं. मला फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमचं आर्किटेक्चर पावसाळ्यात करू."

राग आला. पण त्यांचं काय चुकलं? हंगाम माझ्यासाठी थांबणार नव्हता. त्या अॅपमध्ये डीलरची आणखी एक वेगळी यादी तयार झाली आणि ती निस्तरायला नंतर वर्ष गेलं, हेही खरं. त्यानंतर आम्ही नियम बदलला. ज्यात डीलरची यादी साठवली जात नाही आणि ज्यात कर मोजला जात नाही, असं काहीही आमच्याकडे आणायची गरज नाही, सरळ करा. ज्यात यांपैकी एक जरी असेल ते आणा, आणि आम्ही आठ दिवसांत उत्तर देऊ, नाही दिलं तर होकार समजा. विक्रीच्या साहेबांनी त्यानंतर माझा फोन पहिल्या रिंगला उचलायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीनं ईएचा सगळ्यात मोठा फायदा हाच होता, की ती वाटेतून बाजूला झाली!

त्याच वर्षी मी स्लाइड दाखवणं बंद केलं आणि लोकांच्या शेजारी जाऊन बसू लागले. पहिल्यांदा गेले इंदूरच्या डेपोत. तिथे हिशेब आणि गोदामाचं रजिस्टर बघणारे एक गृहस्थ होते. इंदूरचेच, घरात मराठी. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी पहिल्या दिवशी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, हेड ऑफिसातून लोक येतात ते विचारून जातात. बसून कुणी बघत नाही. तुम्ही बसा."

पाच दिवस बसले. तुमच्यापैकी जे तरुण आहेत त्यांनी जीएसटीच्या आधीचा काळ नोकरीत पाहिला नसेल, म्हणून सांगते. तेव्हा गुजरातेतून मध्य प्रदेशातल्या डीलरला थेट माल विकला तर त्यावर केंद्रीय विक्रीकर लागायचा, सी फॉर्म मिळाला तर दोन टक्के, आणि त्याची वजावट डीलरला मिळायची नाही. म्हणून कंपन्या राज्याराज्यात डेपो उघडायच्या. माल आपल्याच डेपोत पाठवायचा, ती विक्री नव्हे, त्यासाठी एफ फॉर्म. आणि मग डेपोतून स्थानिक व्हॅट लावून विकायचा. डीलरला व्हॅटची वजावट मिळायची, तो खूश. देशभरात कितीतरी गोदामं कराच्या सोयीसाठी उभी होती, मालाच्या सोयीसाठी नव्हे. काकांच्या महिन्याचा मोठा भाग या फॉर्मांमागे जायचा.

पण त्यांच्याकडे आणखी बरंच काही होतं. विकलेल्या पंपाच्या वॉरंटीची कार्डं डीलर त्यांच्याकडेच पाठवायचे, ती तेच संगणकात भरायचे. सर्व्हिस सेंटरला लागणारे सुटे भागही त्यांच्याच बिलिंगमधून निघायचे. यांपैकी एकही काम त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर नव्हतं. आधीचा माणूस सोडून गेला, कुणीतरी करायला हवं होतं, ते करू लागले. मी सगळं लिहून घेतलं. नकाशावर इंदूरच्या चौकटीतून निघणाऱ्या रेषा दोनाच्या सहा झाल्या.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण बडोद्यात बसून बँकेचं नाव नाही घेतलं तर कसं? बँक ऑफ बडोदा, सयाजीराव महाराजांच्या काळात १९०८ साली इथेच सुरू झालेली. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या. तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूनं एक मुद्दा असा सांगितला गेला, की तिन्ही बँकांचं कोअर बँकिंग फिनॅकल या एकाच सॉफ्टवेअरवर आहे. एरवी कोणत्या बँकेत कोणतं सॉफ्टवेअर चालतं यात कुणाला रस असतो? पण बँका जोडायची वेळ आली आणि ती गोष्ट एकदम धंद्याची झाली. आणि सॉफ्टवेअरचं नाव एक असूनही सगळ्या शाखा एका प्रणालीवर यायला २०२० चं वर्षअखेर उजाडलं. मधल्या काळात कोविड होता हे मान्य. पण एकाच नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बँकेनं आपला संसार वेगळा मांडलेला असतो, आणि तो कसा मांडला आहे हे माहीत असणं म्हणजेच आमचं काम. धंद्याच्या माणसाला ते दिसतं ते काहीतरी जोडायच्या, तोडायच्या किंवा हलवायच्या दिवशी. बाकीचे दिवस आम्ही खरोखरच अदृश्य असतो.

आमच्याकडे तो दिवस जीएसटीनं आणला. घटनादुरुस्ती २०१६ मध्ये झाली आणि १ जुलै २०१७ ही तारीख पुढे ठरली. करविभागाच्या प्रमुख बाई माझ्याकडे आल्या. स्वतःहून. त्यांचा प्रश्न साधा होता: "आपल्याकडे कर किती ठिकाणी मोजला जातो?" आयटीनं त्यांना सांगितलं होतं, एका ठिकाणी, मुख्य ईआरपीमध्ये. आम्ही नकाशा काढला आणि मोजलं. अकरा. डेपोंची जुनी बिलिंग सॉफ्टवेअर, सर्व्हिसवाल्यांचं अॅप, विक्रीच्या साहेबांचं ते बाहेरून घेतलेलं अॅप, आणि सगळ्यांत भारी म्हणजे कारखान्यातलं भंगार विकताना वापरली जाणारी एक एक्सेलची फाइल, जिच्यात व्हॅटचा दर एका कोपऱ्यात हातानं लिहिलेला होता. बाईंनी त्या फाइलवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जीएसटीमध्ये नोंदणी राज्यवार. आपल्याच दोन राज्यांतल्या नोंदण्या कायद्यापुढे दोन वेगळ्या व्यक्ती. म्हणजे कारखान्यातून डेपोत जाणारा माल, जो तोवर नुसत्या चलनावर जायचा, त्याचं आता कर लावून बीजक करायला हवं. असा माल कुठून कुठे, कोणत्या सॉफ्टवेअरमधून जातो, याचं उत्तर आमच्या भिंतीवर होतं. बाईंच्या दृष्टीनं ईएचा फायदा म्हणजे त्या जूनमध्ये त्यांना रात्री लागलेली झोप. त्यांचेच शब्द आहेत. कुठल्याही पुस्तकातल्या फायद्यांच्या यादीत तो मला सापडलेला नाही.

मग आले लॉजिस्टिक्सचे प्रमुख. राज्याबाहेरच्या खरेदीवरच्या कराचीही आता वजावट मिळणार, तर राज्याराज्यात डेपो ठेवायचं कारणच उरलं नाही. त्यांना छोटे डेपो बंद करून मोजकी मोठी गोदामं करायची होती. आमच्या भागासाठी भिवंडी ठरली. बंद करायच्या यादीत इंदूर पहिलं. त्यांनी विचारलं, "हा बंद केला तर काय तुटेल?"

बघा, दोन वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न. फक्त या वेळी तो माझ्या टीमबद्दल नव्हता आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मी त्यांना त्या सहा रेषा दाखवल्या. माल आणि बिलं भिवंडीला हलतील, पण अख्ख्या मध्य प्रदेशाची वॉरंटी कोण भरणार? सुटे भाग कोण देणार? हेड ऑफिसात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. उन्हाळ्यात वॉरंटीचे दावे आले असते आणि कोणत्याही यादीत ते पंप सापडले नसते. त्यांनी डेपो तीन महिने उशिरा बंद केला. आधी वॉरंटीचं काम सर्व्हिस सेंटरकडे दिलं, सुट्या भागांची वेगळी सोय केली, मग कुलूप लावलं. एकाही ग्राहकाचा दावा अडला नाही. ते जाईल तिथे आमच्या नकाशाचं कौतुक करू लागले. मी जे बासष्ट स्लाइडमध्ये करू शकले नव्हते ते त्यांनी कँटीनमध्ये केलं.

आता ज्या गोष्टीचं मी कौतुक ऐकत होते ती काय होती? इंदूरच्या डेपोत सहा माणसं होती. दोघं सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. काकांना भिवंडीची बदली देऊ केली. घरी म्हातारी आई, स्वतःचं वय पन्नाशीच्या पुढे, ते गेले नाहीत. मी एचआरकडे जाऊन सांगितलं, की वॉरंटीचं काम ज्यांना येतं ते हेच आहेत, त्यांना सर्व्हिस सेंटरला घ्या. उत्तर आलं, त्या जागेची पात्रता वेगळी आहे. आणि खरं सांगायचं तर काकांचं काम काकांशिवाय चालेल इतक्या बारकाईनं मीच लिहून ठेवलं होतं. 'कंपनी एका माणसाच्या डोक्यावर अवलंबून राहत नाही' असा एक फायदा माझ्या जुन्या स्लाइडमध्येही होता. तो डोक्यात माहिती असलेल्या माणसाला कसा दिसतो, याचा मी विचार केला नव्हता. स्टेकहोल्डर म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर प्रमुखच येतात. ज्यांनी खुर्ची देऊन बसवलं ते कुठल्याच यादीत नसतात.

नकाशा काढायला नको होता असं मी म्हणत नाही. डेपो बंद होणारच होता, कर बदलला होता. नकाशा नसता तर तो जास्त वाईट बंद झाला असता, आणि काकांचं काहीच वेगळं झालं नसतं. तरीही आता मी कुणाच्या शेजारी बसायला जाते तेव्हा आधी सांगते, की मी जे लिहून नेते आहे त्याचा उपयोग तुमचं काम हलवायलाही होऊ शकतो. काही जण मग कमी सांगतात. नकाशात तेवढी भोकं राहतात. माझ्या टीममधल्या तरुण मुलाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, असं सांगितलं तर आपलं काम अर्धवट राहतं. आमचा वाद अजून चालू आहे.

२०१९ च्या बजेटमध्ये फायनान्सच्या त्याच साहेबांनी आम्हाला तिसरा माणूस दिला. मी मागितला नव्हता. अट एक घातली: दर तिमाहीला वहीत लिहायचं, की नकाशा बघून कुणी कोणता निर्णय बदलला, आणि खाली सही माझी नको, निर्णय घेणाऱ्याची हवी. ज्या तिमाहीत एकही सही नसेल त्या तिमाहीत मला बोलावणार. दोनदा बोलावलं. तुमच्यापैकी कुणी ईएमध्ये असाल आणि 'फायदा कसा दाखवू' असं विचारत असाल, तर माझ्याजवळ या वहीपलीकडे दुसरं काही नाही. त्यात आकडे फारसे नाहीत. 'हा सर्व्हर आत्ता घेतला नाही', 'ही कंपनी विकत घेण्याआधी त्यांचा डीलर मास्टर तपासला', अशी साधी वाक्यं आहेत. पहिल्या पानावर इंदूर आहे, लॉजिस्टिक्सच्या साहेबांनी मागाहून आठवणीनं लिहिलेलं: 'तीन महिने थांबलो. वॉरंटीचं काम आधी हलवलं.' खाली सही.

हे भाषण करायचं ठरलं तेव्हा मी काकांना फोन केला. ते आता इंदूरलाच एका डीलरकडे हिशेब बघतात. म्हटलं, तुमची गोष्ट सांगू का, नाव घेणार नाही. म्हणाले, "सांगा ना ताई. पण इतकं करा, डेपो चांगला चालत नव्हता म्हणून बंद झाला असं कुणाला वाटायला नको."

तर सांगते. इंदूरचा डेपो उत्तम चालायचा. मी पाच दिवस तिथे बसले होते, रजिस्टर आणि गोदामातला माल एका पंपानंही चुकत नव्हता.

तुमचे प्रश्न घेऊ या.